जाताना लाल, येताना निळी

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही, त्यामुळे सगळं खरं लिहायचं.

संकल्प एकच. आक्काच्या कशिद्याचं पुस्तक या महिन्यात छापून तिच्या हातात द्यायचं. तीस तारखेला गावच्या बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, तिची क्षुल्लिका दीक्षा आहे, साध्वी होणार. त्यानंतर तिच्याजवळ एक पांढरी साडी, एक उपरणं, मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू. बाकी आपलं म्हणून काही ठेवायचं नाही. घर नाही, सुई नाही, बहीण नाही. म्हणजे जे द्यायचं ते तीसच्या आत.

वेळ भरपूर आहे. प्रस्तावना झाली, आभार झाले, मुखपृष्ठाचा रंग ठरला. फक्त आकृत्या राहिल्या. तसं पुस्तक आकृत्यांचंच आहे, पण ते आठवड्याचं काम.

प्रस्तावना पुन्हा वाचली. डोळे भरून आले. 'आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते आणि आक्का चौदाची. तिची शाळा सुटली आणि माझी सुरू झाली. मी कोल्हापुरात कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये निळा बेल्ट लावून प्रेयर म्हणत होते, तेव्हा ती मळ्यातल्या घरी इरकलीच्या पदरावर हत्ती भरत होती.' हे म्हणाले, यात आक्का कमी आणि तूच जास्त आहेस. ह्यांना साहित्यातलं कळत नाही.

४ नोव्हेंबर

एक्सेलमध्ये हत्ती काढला. कशिदा कापडाचे धागे मोजून भरतात आणि एक्सेलमध्ये चौकटी आयत्या मिळतात. आजवर हे कुणाला कसं सुचलं नाही? बँकेत असताना सगळी ब्रँच माझ्याकडून एक्सेल शिकायची. निदान कॅशमधल्या एक बाई शिकायच्या.

स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून विश्वजितला व्हॉट्सअ‍ॅप केला. त्याचा प्रेस राजारामपुरीतच, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. लग्नपत्रिका, बिलबुकं, कधीमधी एखादं पुस्तक. पाच मिनिटांत उत्तर आलं, हे फाटतंय. तडक प्रेसमध्ये गेले. त्याने हत्ती मोठा करून दाखवला. हत्ती नव्हता, जिने होते.

त्याचं म्हणणं असं. फोटो म्हणजे ठिपके. मोठा केला की ठिपके मोठे होतात आणि चित्र फाटतं. त्याला व्हेक्टर पाहिजे. व्हेक्टरमध्ये ठिपके नसतात, इथून तिथवर रेघ ओढ एवढा हुकूम असतो. ती पोस्टाच्या तिकिटाएवढी करा नाहीतर भिंतीएवढी, धार तशीच. आणि आपल्याला पान मोठंच हवं आहे. आक्काच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, तरी बारीक चौकटी तिला दिसत नाहीत. तिला न दिसणारं पुस्तक तिच्या हातात देऊन काय करायचं?

म्हटलं, एवढंच ना? परवा देते.

६ नोव्हेंबर

दिलं नाही. आक्का आली.

दीक्षेआधी नातेवाईक दीक्षार्थीला आळीपाळीने घरी बोलावतात, जेवायला घालतात, ओटी भरतात. मी दहा दिवस मागून घेतले. धाकट्या वहिनीने तोंड वाकडं केलं. पण पुस्तक माझं आहे, म्हणजे आक्काचं.

आक्का एक पिशवी घेऊन आली. त्यात दोन साड्या, जपमाळ, दोऱ्याची रिळं आणि चौकटीचं जाड कापड. सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही. चार वाजताच स्वयंपाक करावा लागतो, त्यात माझी दुपार जाते. तक्रार नाही.

खिडकीपाशी बसून तिने कापड पसरलं आणि दुसरी सुई माझ्यापुढे धरली. रेघा मारून काय व्हतंय, म्हणाली, आठ दिवसांत हातात बसवून देते. मी तिला समजावलं की पुस्तक झालं तर हजार हात तयार होतील. शिवाय मला शिकायचं असं फारसं नाही. कॉन्व्हेंटात निडलवर्कला सिस्टर होत्या, माझ्या ट्रे-क्लॉथला बक्षीस मिळालं होतं. शेवटचे दोन कोपरे सुट्टीत आक्काने भरले होते, पण डिझाइन माझं होतं.

आक्का म्हणाली, व्हय, तुझंच.

८ नोव्हेंबर

ड्रॉइंगचा फुकटचा प्रोग्राम उतरवून घेतला. अमेरिकेतला एक मुलगा व्हिडिओत शिकवतो. तो 'इट्स व्हेरी सिंपल' म्हणतो तेव्हा माझं काहीतरी चुकलेलं असतं. तरी संध्याकाळपर्यंत हत्तीची सोंड काढली.

सेव्ह केलं. विश्वजितला फाईलच्या नावाच्या शेवटी एसव्हीजी हवं होतं, व्हेक्टरची खूण. माझ्या फाईलच्या शेवटी पीएनजी होतं, फोटोची खूण. ते खोडून एसव्हीजी लिहिलं. एका मिनिटात काम झालं. उगीच लोक क्लास लावतात.

९ नोव्हेंबर, रविवार

विश्वजितकडे फाईल उघडत नाही. त्याचा कॉम्प्युटर जुना आहे असं मी त्याला स्पष्ट सांगितलं.

१० नोव्हेंबर

अनेकांतचा बेंगलोरहून फोन. माझा एकुलता एक मुलगा, पण समजावून सांगताना वडिलांवर जातो. म्हणे, आई, पाटी बदलली म्हणून दुकान बदलत नाही. सेव्ह वेगळं, एक्स्पोर्ट वेगळं. एक्स्पोर्टमध्ये जाऊन पीडीएफ निवड. मी म्हटलं, मला माहीत होतं, तुला विचारून खात्री केली.

सोंड पुन्हा काढायचा कंटाळा आला म्हणून एक्सेलच्या हत्तीचा फोटो प्रोग्राममध्ये आणून चिकटवला आणि पीडीएफ एक्स्पोर्ट केली. आता नाव खरं, फाईलही खरी. उद्या सात आकृत्या करणार. परवा आठ. त्यानंतर एक तास आक्काजवळ सुई घेऊन बसणार. ती रोज विचारते, बरं दिसत नाही.

११ नोव्हेंबर

विश्वजितने मला प्रेसमध्ये बोलावून सगळ्या गिऱ्हाइकांसमोर हत्ती आठशे टक्के केला. जिने तसेच.

"काकू, पीडीएफ हाय, पन आत फोटोच हाय. पिशवी बदलली म्हणून आतलं पीठ बदलतंय व्हय?"

बारशाची पत्रिका न्यायला आलेला एक माणूस हसला. मी निर्विकार राहिले. तसं राहायला आम्हाला कॉन्व्हेंटात शिकवलं होतं.

घरी आले तर आक्का खिडकीत. कापडावर हत्तीचं डोकं आणि सोंड भरून झाली होती. उलट बाजूने बघितलं, तीही सुलटच. गाठ कुठे नाही. लहानपणी मला वाटायचं, आक्का दोन हत्ती भरते, एक जगासाठी आणि एक आतल्या बाजूने माझ्यासाठी. ती म्हणाली, बस की जरा. म्हटलं, पाच मिनिटं. तिचं सामायिक, संध्याकाळचं ध्यान, सुरू झालं तेव्हा पाच मिनिटं झाली.

१३ नोव्हेंबर

आज मोठा शोध. प्रोग्राममध्ये एक बटण आहे, फोटो दिला की तो आपोआप रेघा काढतो. आजवर मी हाताने झिजत होते!

आक्काच्या साडीच्या पदराचा फोटो काढून दिला. लॅपटॉपचा पंखा विमानासारखा घोंघावला. चहा करून आले, घोंघावतच होता. शेवटी हत्ती आला, पण दोऱ्याच्या प्रत्येक तंतूची त्याने वेगळी रेघ काढली होती. हत्तीला केस आले. तरी पाठवून दिला. व्हेक्टर तर आहे.

संध्याकाळी विश्वजितचा फोन. त्याचं मशीन बंद पडलं आणि आत कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका अडकली आहे, मुलीचा बाप दारात उभा आहे. मी म्हटलं, विश्वजित, धीर धरावा. त्याने फोन ठेवला. हल्ली लोकांना मॅनर्स नाहीत.

सुईचा तास राहिला.

१४ नोव्हेंबर

रडून घेतलं. बाथरूममध्ये. मग अमेरिकेतल्या मुलाचा व्हिडिओ पहिल्यापासून लावला.

दुपारपर्यंत चौकटींच्या जाळ्यावर रेघा नीट बसायला लागल्या. आक्काला जवळ बसवलं, ती सांगेल तशा ओढल्या. कशिद्यात एक टाका घ्यायचा, एक सोडायचा, असं पुढे जायचं. शेवटाला पोचलं की त्याच वाटेने परत यायचं आणि सोडलेल्या जागा भरायच्या. जिथून निघालो तिथे परत. म्हणूनच गाठ लागत नाही आणि दोन्ही बाजू सारख्या दिसतात. मी ठरवलं, जातानाची रेघ लाल आणि येतानाची निळी. रंगांची कल्पना पूर्ण माझी.

आक्का डोळे मिटून सांगत होती, सा घरं वर, दोन उजवीकडं, हितं कान फुटतो, कानात जाऊन परत ये. तिला बघायची गरजच पडत नाही. किती वर्षांनी आम्ही दोघी एका टेबलाशी बसलो. तिच्या साडीला अजून चंदनाच्या साबणाचा वास येतो.

एक्स्पोर्ट केलं. आठशे टक्के केलं. फाटलं नाही. मी उठून टाळ्या वाजवल्या.

मग लक्षात आलं, लाल रेघ कुठेच नाही.

१५ नोव्हेंबर

जायची वाट आणि यायची वाट एकच, त्यामुळे निळी रेघ बरोबर लालच्या डोक्यावर बसते. लाल खाली आहे, दिसत नाही. विश्वजित म्हणाला, निळी केसभर बाजूला सरकवा. म्हणजे प्रत्येक आकृतीतली प्रत्येक रेघ पुन्हा ओढायची.

रात्रभर तळमळले, सकाळी उपाय सापडला. निळी काढूनच टाकायची. एका वाटेवर दोन रेघा कशाला? फाईल हलकी, पान स्वच्छ. वाचक हुशार असतात, गेलेल्या वाटेने परत येतील.

आक्काला सांगितलं. तिने जपमाळ खाली ठेवली.

"जायला कुनालाबी येतंय, तंगी. येताना फांदी कुठं घ्यायची, तेवढंच शिकाय लागतंय."

आजोळच्या कानडीतलं तंगी, धाकटी. घरात मला आता असं हाक मारणारं दुसरं कुणी नाही. मी तिला प्रेमाने सांगितलं की ही छपाईतली तांत्रिक बाब आहे. निळीबद्दल प्रस्तावनेत एक परिच्छेद घालीन.

१६ नोव्हेंबर, रविवार

आक्का गेली. मलकापूरच्या आत्यांकडचे लोक गाडी घेऊन आले. आता तिथे पाच-सहा दिवस, मग आणखी कुठे, मग गाव.

जाताना कापड माझ्या कीबोर्डवर ठेवून गेली. हत्तीचे तीन पाय भरलेत. चौथ्याच्या जागी दोरा ओवलेली सुई टोचून ठेवली आहे. म्हणाली, ह्यो तू घाल, अडलीस तर मी हाय तवर इचार.

सुई बोचू नये म्हणून कापड नीट घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवलं. आकृत्या संपल्या की एका बैठकीत करून टाकीन. एक पाय तर आहे.

१९ नोव्हेंबर

नऊ आकृत्या एक्स्पोर्ट. आज मी स्वतःवर खूश आहे.

मनात एक गोष्ट आहे, ती इथे लिहायला हरकत नाही. पुस्तक हातात पडलं की आक्काचं मन बदलेल असं मला वाटतं. स्वतःचं नाव छापलेलं बघून कुणाचं बदलत नाही? शेजारच्या गावातल्या एका काकूंनी दीक्षा दोनदा पुढे ढकलली, शेवटी घेतलीच नाही, आता त्या नातवाला क्लासला सोडतात. आक्काला काय घाई आहे? चौऱ्याहत्तर हे काही वय नाही.

प्रस्तावनेच्या शेवटी एक वाक्य वाढवलं. 'या पुस्तकाचा दुसरा भाग आक्का स्वतः सांगणार असून त्याचे काम येत्या वर्षी सुरू होईल.' छापलं म्हणजे ठरलं. आक्का दिलेला शब्द मोडत नाही. शब्द मी दिलाय, पण तिच्या वतीने.

२१ नोव्हेंबर

आक्काला मलकापूरला फोन लावला. सहज विचारल्यासारखं विचारलं की पुस्तकाला थोडा उशीर झाला तर मुहूर्त पुढे जाईल का. ती म्हणाली, मुहूर्त महाराजांनी काढलाय, तुझ्या प्रेसवाल्यानं न्हाय.

मग विचारलं, पाय झाला का.

लाइन नीट नव्हती.

२२ नोव्हेंबर

विश्वजितकडून यादी आली. आकृतीच्या फाईलला अख्खं पान लागलंय आणि कोपऱ्यात मुंगीएवढा हत्ती बसलाय, पान आकृतीपुरतं कापा. चौकटींच्या रेघा एवढ्या बारीक की छपाईत उडणार, जाड करा. आकृतीखाली मी हौसेने टाइप केलेली नावं त्याच्याकडे पोचेपर्यंत नुसते डबे झालीत, कारण माझा फॉन्ट त्याच्याकडे नाही, अक्षरंही रेघांत बदलून पाठवा.

म्हणजे सगळ्या आकृत्या पुन्हा.

ह्यांनी चहा करून आणला. म्हणाले, आक्का परवा गावात येतेय, तू नुसती जाऊन बस की तिच्याजवळ. मी म्हटलं, रिकाम्या हाताने? ह्यांना भावना कळत नाहीत.

२४ नोव्हेंबर

पाठ धरली आहे. डोळ्यांपुढे चौकटी. पोळी लाटताना तिच्यावर नोड, रेघांच्या जोडाचे ठिपके, दिसतात. मोर, रथ, गोपुर झाले. पाळणा अजून फाटका.

२६ नोव्हेंबर

झालं! शेवटची आकृती संध्याकाळी गेली. विश्वजितने मोठी करून बघितली. आणखी मोठी. आणखी. स्क्रीनभर एक लाल रेघ, कडा ब्लेडसारखी. म्हणाला, आता कसं, ह्येला म्हणत्यात व्हेक्टर.

सिस्टर असत्या तर त्यांनी माझ्या बेल्टला शाबासकीची पिन लावली असती.

मग त्याने कॅलेंडर बघितलं. लग्नसराई आहे, मशीनवर पत्रिका लागल्यात, बायंडिंगवाला गावाला गेलाय. पुस्तक पाच-सहा डिसेंबरला.

मी काय बोलले ते नीट आठवत नाही. बसायला स्टूल दिलं त्याने. पाणी दिलं. म्हटलं, अरे, तीसनंतर तिला काही देता येत नाही. कुणाची बहीण म्हणून ती काही घेणार नाही. त्याने पत्रिकांची यादी वर-खाली करून बघितली. शेवटी म्हणाला, एक कॉपी रंगीत प्रिंट मारून स्पायरल करून देतो, शनिवारी सकाळी घ्या. काकू, आता रडू नका, गिऱ्हाईक बघालेत.

२८ नोव्हेंबर

आज गावात आक्काची बिनोली होती. दीक्षेआधीची मिरवणूक, बग्गी, बँड, सगळं गाव. मला जायचंच होतं. पण प्रिंटचे रंग तपासायला कुणी नको का? लाल रंग विटकरी येत होता. तीन वेळा काढायला लावला. चौथ्यांदा बरोबर आला. आक्काचा दोरा असाच लाल असतो.

ह्यांनी तिथून फोटो पाठवला. आक्का बग्गीत, हाताला मेंदी, गळ्यात हार, नवरीसारखी. तिच्या लग्नात मी बोर्डिंगमध्ये होते, परीक्षा होती. दोन वर्षांत ती पांढऱ्या कपाळाने परत आली तेव्हाही मी बोर्डिंगमध्ये होते. तिला नटलेली मी आज प्रथमच बघत होते. तिचा चेहरा नीट दिसावा म्हणून बोटांनी फोटो मोठा केला.

फाटला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पुस्तक घेऊन गावी. वाटेत दोनदा पिशवीतून काढून बघितलं. देखणं झालंय.

घर पाहुण्यांनी भरलेलं. आक्का आतल्या खोलीत बायकांच्या गराड्यात. माझ्या हातात पिशवी बघून तिने सगळ्यांना बाहेर बसायला सांगितलं. माझ्यासाठी!

तिने पुस्तक मांडीवर घेतलं. डोळ्यांजवळ न्यावं लागलं नाही. पान मोठं, रेघ स्वच्छ, हाताच्या अंतरावरून तिला एकेक चौकट दिसत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. हत्तीवर बोट फिरवत शेपटीपर्यंत आली आणि थांबली.

"निळी कुठं हाय?"

म्हटलं, दुसऱ्या आवृत्तीत. दुसरा भाग तर तूच सांगणार आहेस, प्रस्तावनेत छापलंय, वाच. तिने प्रस्तावना उघडली नाही. तिला जोडाक्षरं वाचायला वेळ लागतो. विचारलं, पाय झाला? म्हटलं, होतच आलाय. म्हणाली, सुई आनलीस? आन, दिवस मावळंस्तवर येळ हाय, आत्ता दावते. माझ्यासमोर घाल.

सुई कोल्हापुरात, ड्रॉवरमध्ये.

घरात दुसरी सुई शोधली. आक्काने आपल्या सगळ्या वस्तू काल-परवाच वाटून टाकल्या होत्या. सुया भाच्याच्या सुनेला गेल्या. ती सकाळी मिरवणुकीची भाडोत्री भांडी पोचवायला गेलेली, तिच्या कपाटाला कुलूप. शेवटी आक्काने माझाच तळवा पुढे ओढला आणि नखाने त्यावर वाट काढून दाखवायला लागली. दोन घरं गेली आणि बाहेरून हाक आली, ओटी भरायला मंडळी खोळंबलीत.

उठताना तिने पुस्तक माझ्याकडे परत दिलं. म्हणाली, लई भारी झालंय. ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच, उद्यापासून मला ठेवाय येत न्हाय.

म्हणजे आवडलं. आवडलं असं स्वतः म्हणाली.

३० नोव्हेंबर, रविवार

दीक्षा झाली. मंडप भरला होता. आक्काने आपल्या हाताने केस उपटले. त्या वेळी मी बॅगेत काहीतरी शोधत होते. नवं नाव माइकवरून दोनदा सांगितलं. सुनीतिमती माताजी. मला ते तिसऱ्यांदा शेजारणीला विचारावं लागलं.

शेवटपर्यंत मला वाटत होतं ती एकदा वळून बघेल आणि म्हणेल, पुढच्या वर्षी.

६ डिसेंबर

पुस्तकं आली. विश्वजितने स्वतः गाडीवरून आणली आणि जिना चढवून दिली. एकही रेघ फाटलेली नाही. अनेकांतला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तो म्हणाला, आई, एक नंबर. महिला मंडळात दहा जणींनी घेतली. एकीने विचारलं, तुम्ही रोज किती वेळ भरता? म्हटलं, मूड असेल तसं.

७ डिसेंबर

आज मूड होता. ड्रॉवरमधून कापड काढलं. पुढ्यात माझंच पुस्तक, पान बारा.

किती सोपं आहे! रेघ बघायची, घरं मोजायची, टाका घ्यायचा, टाका सोडायचा. अर्ध्या तासात पायाच्या तळापर्यंत पोचले. नखंही भरली. ट्रे-क्लॉथचं बक्षीस काही उगीच मिळालं नव्हतं.

आता परत यायचं.

८ डिसेंबर

तीन नखं तीन बाजूंना फुटतात. आधी कुठल्या नखात शिरायचं? दोनात शिरलं की तिसऱ्याचा धागा उलट बाजूने आडवा जातो. उसवलं. दुसऱ्या बाजूने केलं. मागे तिरकी रेघ आली. पुस्तक बघितलं. पुस्तकात लाल रेघ आहे, अतिशय स्पष्ट आहे, कुठूनही बघा. ती फक्त जाते.

निळीबद्दल परिच्छेद घालायचा राहिलाच.

११ डिसेंबर

रोज बसते. रोज उसवते. कापडाची भोकं मोठी व्हायला लागली. तळव्यावर आक्काने नखाने काढलेली दोन घरं आठवून बघितली. दोन घरांनी कुठे पोचता येत नाही.

विश्वजितला फोन करून विचारलं की त्याच्याकडे जुन्या फाईली आहेत का, निळीवाल्या. म्हणाला, काकू, तुम्हीच डिलीट करा म्हणालता की. मशीन फिरून हँग झालतं तवा सगळंच साफ केलं.

अमेरिकेतल्या मुलाकडे कशिद्याचा व्हिडिओ नाही.

१४ डिसेंबर, रविवार

माताजींचा मुनिसंघ उद्या कर्नाटकाकडे पायी विहार करणार असं कळलं. पुस्तक, कापड, दोन सुया घेऊन पहाटेच्या एसटीने गावी गेले. ठरवलं होतं, आक्का नाही म्हणायचं. माताजी म्हणायचं. ज्ञान मागायला आले म्हणायचं. ज्ञान द्यायला तर कुणाची मनाई नसते.

बस्तीच्या ओसरीवर दर्शनाची रांग. माताजी पाटावर बसलेल्या. डोकं उघडं, केस नसलेलं, कान मोठे दिसत होते, आमच्या वडिलांसारखे. माझा नंबर आला. इच्छामि म्हणून वाकले. हात उचलून त्या म्हणाल्या, सद्धर्मवृद्धिरस्तु. माझ्या पुढच्या बाईलाही हेच म्हणाल्या होत्या, त्याच आवाजात.

मी कापड उलगडलं. म्हटलं, माताजी, नखांपर्यंत गेले, परत येता येत नाही.

त्यांनी कापडाकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं. मांडीवरच्या पिंछीचं एक पीस वाकलं होतं, ते बोटाने सरळ केलं. मग माझ्याकडे बघून प्रत्येक श्रावकाला विचारतात तसं विचारलं.

"काही नियम घेता का, बाई?"

मला आजवर ती घेता म्हणाली नव्हती, घे म्हणायची. कुठला पदार्थ सोडायचा नियम घ्यायचा ते काही मी ठरवून गेले नव्हते. मागून एक बाई म्हणाल्या, पावणं, सरका की फुडं, आमाला एसटी गाठायची हाय. घाईघाईत मी म्हणून गेले, बटाटा. माताजींनी विचारलं, किती दिवस? म्हटलं, जन्मभर. त्यांनी पुन्हा हात उचलला. रांग पुढे सरकली आणि मी ओसरीच्या पायऱ्यांवर आले.

घरी पोचले. हे वाट बघत होते. म्हणाले, भेटली का आक्का, काय म्हणाली? मी म्हटलं, तब्येत चांगली आहे. दुसऱ्या आवृत्तीत निळी घालू म्हणते मी, पान आणखी मोठं करू.

हे उठले. आत जाऊन ताट वाढून आणलं. मी दमून येणार म्हणून माझ्या आवडीची भाजी त्यांनी स्वतः केली होती, बटाट्याची.